गांधीजींचे बोळके हसू आणि तुमच्या हिरड्या

तुमच्या तहसील कार्यालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत भिंतीवर एक फोटो असतोच. गोल चष्मा, उघडे खांदे आणि दात नसलेले हसू. आपण तो फोटो इतक्यांदा पाहिला आहे की त्या तोंडात दात का नाहीत, हा प्रश्नच मनात येत नाही. म्हातारा माणूस आहे, दात पडणारच, असे आपण धरून चालतो.

दंतरोगाचा डॉक्टर म्हणून मला तिथेच थांबायला होते. वय झाले म्हणून केस पांढरे होतात, पण दात केवळ वयाने पडत नाहीत. मोठ्या माणसाचे दात जाण्याची मुख्य कारणे दोनच: दात किडणे आणि हिरड्यांचा आजार. या दुसऱ्या आजाराला त्या काळी पायोरिया म्हणत, आपल्याकडे अजूनही म्हणतात. फोटो पाहून कोणाचे निदान करता येत नाही, आणि मी ते करणारही नाही. पण गांधीजींचे आयुष्य तब्येतीच्या अंगाने वाचत गेलात, तर हिरड्यांबद्दल तुम्हाला जे माहीत असायला हवे ते जवळजवळ सगळे वाटेत भेटते. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगतो. मध्येमध्ये आपल्या बीड जिल्ह्यात येऊ.

पोरबंदर, २ ऑक्टोबर १८६९. जन्मतारीख तुम्हाला पाठ आहे. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट मात्र शाळेत घाईने उरकली जाते. एका नातेवाईक मुलाच्या नादाने मोहनदासला विड्या ओढाव्याशा वाटल्या. काकांनी फेकलेली थोटके गोळा केली. ती पुरेनात, तेव्हा नोकरांच्या खिशातले पैसे चोरले. पुढे आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे काही न लपवता लिहिले. ही सवय सुटली आणि मोठेपणी तंबाखूबद्दल त्यांना घृणाच राहिली.

हे सुटले ते हिरड्यांच्या दृष्टीने फार बरे झाले. तंबाखूचे एक लबाड काम तुम्हाला ठाऊक असू द्या. हिरडी आजारी पडली की ती पहिली खूण देते रक्ताची. घासताना ब्रशला रक्त लागते, थुंकीत लाली दिसते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो आणि ही खूण दबून जाते. आत हाड झिजत असते, वरून हिरडी घट्ट आणि फिकट दिसते. असा माणूस आमच्याकडे येतो तो थेट दात हलायला लागल्यावर, आणि सांगतो की आजपर्यंत कधी रक्त आले नाही. तो खरेच सांगत असतो.

१८८८ मध्ये गांधीजी बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. शाकाहाराचे वचन आईला दिलेले, त्यामुळे सुरुवातीला उपासमार झाली. मग शाकाहारी खाणावळी सापडल्या आणि आहाराचे प्रयोग सुरू झाले ते शेवटपर्यंत थांबले नाहीत. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे माती, पाणी, उपास, फळे, सुका मेवा यांवर आधारलेल्या निसर्गोपचाराची पुस्तके वाचली आणि स्वतःवर, घरच्यांवर, आश्रमातल्या लोकांवर ते करून पाहिले. बोअर युद्धात जखमींना उचलून नेणारे पथक उभे केले. १९०४ मध्ये जोहान्सबर्गला प्लेग आला तेव्हा रुग्णांची सेवा केली. १९०८ मध्ये तिथेच रस्त्यात त्यांच्यावर हल्ला झाला, गाल आणि वरचा ओठ फाटला, टाके पडले. एका इंग्रज पाद्र्याने त्यांना घरी नेऊन सांभाळले.

एक गंमत बघा. हा माणूस शरीराच्या स्वच्छतेबद्दल, संडासाबद्दल, पाण्याबद्दल आयुष्यभर बोलत राहिला. दातही रोज घासत होता. तरी दात गेले. म्हणजे दात घासणे निरुपयोगी, असे नव्हे. दात घासणे आणि हिरडीच्या कडेची घाण निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळी कोणालाच नीट माहीत नव्हते.

हिरडीला नेमके होते काय?

सकाळी तोंड धुऊन झाल्यावर काही तासांत दातावर एक चिकट थर चढू लागतो. जिभेने दात चाचपला की संध्याकाळी तो खरखरीत लागतो, तोच हा. त्यात जिवंत जंतू असतात. हा थर दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला साचतो. रोज निघाला तर काही होत नाही. राहिला तर लाळेतल्या क्षारांनी तो टणक होतो. याला आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही, काडीने नाही, मिठाने तर नाहीच.

१९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ तरुणांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतच्या काळात प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज गेली. तेव्हापासून ही गोष्ट पक्की आहे की हिरडीची सूज त्या थरामुळे येते, उष्णतेने नाही, वाताने नाही, घराण्याच्या शापाने नाही. आणि ती पूर्ण बरी होते.

फक्त या टप्प्यापर्यंतच. सूज महिनोन्महिने राहिली तर हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये कप्पा तयार होतो. निरोगी हिरडीतही एक ते तीन मिलिमीटरची फट असते. ती चार, पाच, सात मिलिमीटर झाली की तळाशी तुमचा ब्रश पोहोचत नाही. तिथे हवेशिवाय जगणारे जंतू वाढतात आणि त्यांच्याशी लढताना आपलेच शरीर दाताला धरून ठेवणारे हाड खाते. गेलेले हाड साधारणपणे परत येत नाही. दुखत मात्र नाही. हिरडीच्या आजाराचा सगळ्यात मोठा दोष हाच की तो दुखत नाही. दाढ किडली तर माणूस रात्री दोन वाजता डॉक्टरचे दार वाजवतो. हिरडी दहा वर्षे झिजते आणि माणूस सोलापूरला लग्नाला जाऊन येतो.

आता परत गांधीजींकडे. १९१५ मध्ये ते भारतात परतले. १९१८ मध्ये खेड्याच्या सत्याग्रहानंतर त्यांना अतिसाराने गाठले आणि ते मरता मरता वाचले. दूध न घेण्याचे व्रत होते. पुढे मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मुंबईचे डॉक्टर दलाल आणि कस्तुरबा यांनी मिळून त्यांना शेळीच्या दुधावर राजी केले. शेळीचे दूध आले ते असे, तब्येतीच्या तडजोडीतून.

१९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात आले. जानेवारी १९२४ मध्ये पोटात असह्य दुखू लागले. ॲपेंडिक्स होते. १२ जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळी पाऊस, आत मध्येच वीज गेलेली. निसर्गोपचाराचा हा पुरस्कर्ता शस्त्रक्रियेच्या टेबलावर शांतपणे झोपला आणि त्या इंग्रज डॉक्टरचे उपकार त्याने पुढे नेहमी मानले. मला त्यांचे हे वागणे फार मोलाचे वाटते. घरगुती उपायांवर श्रद्धा असणे आणि वेळ आली की डॉक्टरच्या हाती शरीर सोपवणे, या दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात. आमच्याकडे येणारे अनेकजण लवंगतेल, तुरटी, हळद-मीठ असे सगळे करून सहा महिन्यांनी येतात. लवंगतेलाला माझा विरोध नाही, मधे गेलेल्या सहा महिन्यांना आहे.

येरवड्याचीच दुसरी गोष्ट १९३० ची. तेव्हा त्यांच्या सोबत काका कालेलकर होते. साताऱ्याला जन्मलेले, मराठी मातृभाषेचे, पण पुढे गुजरातीचे मोठे लेखक झालेले. काका रोज कडुनिंबाची काडी तोडून आणत आणि तिचे टोक चेचून गांधीजींना दात घासायला देत. वापरून झाली की फेकून देत. गांधीजींनी त्यांना थांबवले. वापरलेले टोक कापून टाकायचे, उरलेली काडी पुन्हा वापरायची. ती पार वाळून निकामी होईपर्यंत दुसरी तोडायची नाही. झाडाचे आपण देणे लागतो, उगाच तोडायचे कशाला, असा त्यांचा विचार. काकांनी ही आठवण पुढे लिहून ठेवली.

तुम्ही विचाराल, काडीने दात घासणे चांगले की वाईट? कडुनिंबात जंतूंना रोखणारे घटक आहेत, आणि नीट चेचलेल्या काडीने दातांचे बाहेरचे पृष्ठभाग स्वच्छ होतात. अडचण आतल्या बाजूची. जिभेकडची बाजू आणि दोन दातांमधली फट इथे काडी जात नाही, आणि हिरडीचा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. शिवाय जोर लावून आडवी घासली तर हिरडी खाली सरकते. आजोबांनी आयुष्यभर बाभळीची काडी वापरली आणि ऐंशीव्या वर्षी हरभरे फोडत, ही गोष्ट मी दर आठवड्याला ऐकतो. ती खरी असेल. पण ज्यांचे दात चाळिशीत गेले त्या आजोबांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

मार्च १९२७ मध्ये खादीच्या दौऱ्यावर कोल्हापूर-निपाणी भागात असताना गांधीजींची तब्येत एकदम ढासळली. रक्तदाब वाढला होता. आधी आंबोलीला, मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी डोंगरावर त्यांना विश्रांतीसाठी ठेवले. १९३४ नंतर त्यांचा मुक्काम वर्ध्याला आला. तिथे डिसेंबर १९३५ मध्ये रक्तदाबाने ते पुन्हा कोसळले आणि डॉक्टरांनी सगळी कामे बंद केली. त्यांच्या तब्येतीच्या ज्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत त्यांत १९३७ मध्ये रक्तदाब १९४/१३० आणि १९४० मध्ये २२०/११० असा आहे. आजच्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात हा आकडा दिसला तर नर्स उभी राहील. त्या काळी रक्तदाबावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. ते सर्पगंधा घेत, विश्रांती घेत, मौन पाळत, चालत.

याच वर्षांत त्यांचे दात कधी काही, कधी काही असे निघत गेले आणि शेवटी कवळी आली. ती ते जेवणापुरती लावत आणि एरवी काढून ठेवत. जगाने पाहिलेले हसू ते हे, कवळीशिवायचे.

इथे वैद्यकशास्त्राचे एक मोठे वळण आहे, ते समजून घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसली होती. शरीरात कुठेतरी, विशेषतः दातांच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये पू दडलेला असतो आणि त्याचे विष रक्तातून फिरून संधिवात, हृदयविकार, रक्तदाब, वेड असे सगळे आजार घडवते. विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरने १९१० मध्ये कॅनडात दिलेल्या व्याख्यानानंतर ही कल्पना फार पसरली. मग दात उपटण्याची साथच आली. दमा आहे, काढा दात. पाठ दुखते, काढा दात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाच्या डॉक्टरने वेड बरे करायला शेकडो रुग्णांचे दात आणि पुढे आतड्याचे भागही काढले. लोक मेले, वेड गेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही कल्पना मागे पडली, आणि तोंडाचा बाकी शरीराशी काही संबंध आहे असे म्हणणेच पुढची अनेक वर्षे हास्यास्पद ठरले.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत तो संबंध पुन्हा तपासला गेला, या वेळी मोजून-मापून. त्यातून जे हाती आले ते मी तुम्हाला खात्रीच्या क्रमाने सांगतो, कारण मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत सगळे एकाच सुरात सांगितलेले असते.

सगळ्यात पक्का संबंध मधुमेहाचा. तो दोन्ही बाजूंनी आहे. साखर जास्त राहिली की हिरडीतली लढाऊ पेशींची फौज सुस्त होते, जखम भरत नाही, हाड लवकर झिजते. उलट हिरडीत सतत सूज राहिली की तिथून रक्तात जाणाऱ्या द्रव्यांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर चढी राहते. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ इतका खाली येतो, असे अनेक चाचण्या एकत्र करून दिसले आहे. आकडा लहान वाटेल, पण साखरेची एक जादा गोळी कधीकधी एवढेच काम करते. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाने जसे वर्षातून एकदा डोळ्यांचे पडदे दाखवायचे, पाय दाखवायचे, तसे तोंडही दाखवायचे. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात ते पथ्यावर राहिले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात गेले. टोरोंटोला इन्सुलिनचा शोध लागला तो पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये. आज इन्सुलिन तालुक्याच्या गावी मिळते आणि तरी माझ्यापुढे बसणाऱ्या मधुमेहींपैकी अनेकांना कोणी कधी तोंड उघडायला सांगितलेले नसते.

हृदयविकार आणि लकवा यांचे काय? ज्यांच्या हिरड्या खूप खराब, त्यांच्यात हे आजार जास्त आढळतात. पण तंबाखू, मधुमेह, गरिबी या दोन्हींच्या मागे असतात. हिरड्या बऱ्या केल्याने हृदयविकाराचा झटका टळतो, असे अजून सिद्ध झालेले नाही. रक्तदाब थोडा उतरतो असे काही लहान अभ्यासांत दिसले, काहींत दिसले नाही. तेव्हा कोणी तुम्हाला हृदय वाचवायचे म्हणून सगळे दात काढा असे सांगत असेल तर तो १९२० सालात अडकला आहे. एक अपवाद ध्यानात ठेवा. लहानपणी सांधे सुजून ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या आहेत, किंवा ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांनी दंतवैद्याला ते आधी सांगायचेच. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात आणि तो आजार जीवघेणा असतो. अशा काहींना दात काढण्याआधी किंवा हिरडीच्या उपचाराआधी प्रतिजैविक द्यावे लागते.

गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येते. हिरड्यांचा आजार असलेल्या बायकांत दिवस भरण्याआधी बाळंतपण आणि कमी वजनाचे बाळ जास्त दिसते. पण गरोदरपणात हिरड्यांचा उपचार केल्याने ते टळते असे मोठ्या चाचणीत दिसले नाही. दिसले ते एवढे की हा उपचार आईला आणि बाळाला सुरक्षित आहे. तेव्हा पोटुशी आहे म्हणून दात दाखवायचे नाहीत, हे सासूबाईंचे म्हणणे बाजूला ठेवायला हरकत नाही.

आता धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागात चला. दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, फडावर, पाचटाच्या कोपीत सहा महिने. पहाटे, कधी मध्यरात्री तोड सुरू होते. बाई सगळ्यांच्या आधी उठते, चूल पेटवते आणि तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी बोटावर घेऊन दाताला लावते. ती दात घासण्यासाठी आहे असे ती सांगते. खरे तर ती तलफ आहे. मिसरीने झोप उडते, भूक मरते, आणि फडात पाळीच्या दिवसांतही खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. त्या बाईला मिसरी सोड म्हणून रागावणे मला जमत नाही. पण तिला काय होते ते सांगणे माझे काम आहे.

मिसरी हिरडीच्या कडेलाच दाबली जाते. तिथली हिरडी जळते, खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते. थंड पाणी झोंबते म्हणून बाई आणखी मिसरी लावते, कारण तिने जागा बधिर होते. पस्तीस-अडतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, खालचे पुढचे चार दात हलतात, तोंडाला वास, साखर कधी तपासलेली नाही आणि तपासली तर तीनशेच्या पुढे, अशी रुग्ण आमच्याकडे महिन्यातून एक तरी येते. ती दात काढून द्या एवढेच म्हणते, कारण परवा टोळी निघणार असते. कीटण काढायचे, खोल कप्पे साफ करायचे, सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचे, हे उपचाराचे वेळापत्रक कारखान्याच्या हंगामात बसत नाही. म्हणून माझे सांगणे असे की गावी परतल्यावर, पाडव्यापासून पावसाळ्यापर्यंतचा काळ हिरड्यांसाठी धरा. बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात दंत विभाग आहे. फार वाढलेल्या आजारासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. फडावर जाताना सामानात प्रत्येकाचा वेगळा ब्रश ठेवा. फ्लोराइडची कुठलीही साधी पेस्ट चालते. दिवसातून दोनदा होत नसेल तर रात्री झोपण्याआधीचे एकदा चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि थर मोकाट वाढतो. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरा, हलकेच फिरवा, आतली बाजू विसरू नका. राखुंडी, वीट, कोळसा बंद.

कीटण काढल्याने दात ढिले होतात, ही समजूत मला रोज भेटते. तिच्यात एक निरीक्षण खरे आहे. वर्षानुवर्षांचे कीटण हलत्या दातांना सिमेंटसारखे एकमेकांना चिकटवून ठेवते. ते निघाले की दात हलतो हे पहिल्यांदा जाणवते, सूज उतरते आणि फटी दिसतात. दात ढिला आजाराने केलेला असतो, कीटणाने तो झाकून ठेवलेला असतो. वरचे दात काढल्याने नजर जाते, या समजुतीत मात्र खरे असे काहीच नाही. आणि घासताना रक्त आले की लोक त्या जागी ब्रश लावणे सोडतात. उलट करा. रक्त येते तिथेच थर साचला आहे, तिथे हळू पण नीट घासा. दोन आठवड्यांत थांबले नाही तर दाखवा. पू येत असेल, दात हलत असेल, दातांत नव्याने फट पडली असेल किंवा तोंडात पंधरा दिवसांहून जुनी न भरणारी जखम वा पांढरा चट्टा असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. शेवटची खूण हिरडीची नाही, कर्करोगाची असू शकते.

गांधीजींना तुम्ही १९३६ च्या उन्हाळ्यात सेगावात सोडलेत असे समजा. वर्ध्याजवळचे हे खेडे, पुढे सेवाग्राम झाले. तिथल्या जेवणात कडुनिंबाच्या पाल्याची चटणी असे आणि ती पाहुण्यांनाही वाढली जाई. उकडलेल्या भाज्या, शेळीचे दूध, फळांचा गर. कवळीवर चालेल असेच जेवण. कवळी वापरणाऱ्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक सांगून ठेवतो. कवळी रात्री काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ मऊ फडक्याने पुसायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे तोंड अस्वच्छ राहिले तर तिथले जंतू श्वासातून फुफ्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. घरात अशी आजी असेल तर सुनेने रोज पाच मिनिटे या कामाला द्यावीत, मुलाने द्यावीत तर आणखी चांगले.

तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईला मोमीनाबाद म्हणत. तिथल्या योगेश्वरी विद्यालयात काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले, आणि वर्षअखेर तो थांबवला गेला तो गांधीजींच्या सल्ल्याने. आज ज्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दंत विभागाचा मी वर उल्लेख केला, त्याला याच स्वामीजींचे नाव आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिस्त केले. आठवड्याभरात महादेवभाई देसाई तिथेच गेले. त्या दुःखात, ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, गांधीजींनी आरोग्यावरचे आपले छोटे पुस्तक लिहून काढले. त्यात हवा, पाणी, अन्न, मसाले, चहा, दारू, अफू यांच्यासोबत तंबाखूवर वेगळे प्रकरण आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचा उपास केला, वय ७३. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबाही त्याच वाड्यात गेल्या. मे महिन्यात गांधीजी सुटले तेव्हा हिवतापाने खंगलेले होते. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी गरिबांसाठी निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तो अजून चालतो. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा खून झाला. त्या वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला, ते पाहायला ते नव्हते.

दिल्लीला राजघाटासमोर राष्ट्रीय गांधी संग्रहालय आहे. तिथे चष्मा, घड्याळ, खडावा अशा वस्तूंबरोबर त्यांचे दातही जपून ठेवले आहेत. मुलांना घेऊन गेलात तर ते शोधा. मुले हमखास विचारतात की हे का पडले, आणि आता तुम्हाला त्यांना सांगता येईल.